दोन थरांचं चुंबकत्व जातं कुठे?

[पडद्यावर: काळे, चकचकीत, पातळ स्फटिक. चिमटा. चिकटपट्टी.]

हे क्रोमियम ट्रायआयोडाइड. खारीसारखे पापुद्रे सुटणारा स्फटिक. त्यावर साधी चिकटपट्टी दाबायची, दुमडायची, ओढायची. पुन्हा दुमडायची, पुन्हा ओढायची. दर खेपेला पापुद्रा पातळ होत जातो. २००४ साली मँचेस्टरमध्ये ग्राफीन, म्हणजे कार्बनचा एका अणूइतक्या जाडीचा थर, वेगळं केलं ते याच युक्तीनं. इथे मात्र उघड्या टेबलावर काम करायची सोय नाही. हवेतला ओलावा लागला की पातळ थर काही मिनिटांत खराब होतो. म्हणून निष्क्रिय वायूनं भरलेली पेटी आणि तिच्या भिंतीतून आत गेलेले जाडजूड रबरी हातमोजे. ते घालून एक नॅनोमीटरपेक्षाही पातळ थर हाताळायचा!

असा सुटा थर चुंबक असू शकतो का? चुंबकत्व येतं ते स्पिनमुळे. स्पिन म्हणजे इलेक्ट्रॉनचं अंगभूत, इवल्याशा चुंबकासारखं वागणं. १९६६ मध्ये मर्मिन आणि वॅग्नर या भौतिकशास्त्रज्ञांनी गणितानं दाखवून दिलं होतं, की स्पिनला सगळ्या दिशांना वळायची सारखीच मोकळीक असेल, तर सपाट थरात चुंबकत्व टिकणार नाही. जराशी ऊब मिळाली तरी स्पिनची रांग मोडते. पण त्या ‘असेल तर’मध्ये पळवाट होती. या स्फटिकात आयोडिनचे जड अणू आहेत. त्यांच्यामुळे स्पिनना थराला काटकोनात, म्हणजे वर किंवा खाली, उभं राहणंच सोयीचं पडतं. आडवं व्हायला ऊर्जा मोजावी लागते.

[पडद्यावर: सूक्ष्मदर्शक, लेझरचा ठिपका]

२०१७. वॉशिंग्टन विद्यापीठातले शिआओडोंग शू आणि एमआयटीतले पाब्लो हारियो-एरेरो यांच्या गटांनी या पापुद्र्यावर ध्रुवित प्रकाश, म्हणजे ज्याच्या लहरी एकाच दिशेत डोलतात असा प्रकाश, टाकला. पृष्ठभाग चुंबकीय असेल, तर परतणाऱ्या प्रकाशाची ध्रुवणदिशा किंचित वळते. एकाच थरावरून आलेला प्रकाश वळला होता. उणे २२८ अंश सेल्सिअसच्या खाली हा एकटा थर चुंबक होता.

मग दोन थर घेतले. प्रकाश वळेचना.

तीन घेतले, पुन्हा वळला.

दोन थरांत चुंबकत्व गेलं नव्हतं. एकाचे स्पिन वर, दुसऱ्याचे खाली, बेरीज शून्य. बाहेरून सुमारे ०.६५ टेस्लाचं चुंबकीय क्षेत्र लावलं, की दोन्ही थर झटकन एका दिशेला येतात. गंमत अशी, की जाड स्फटिकात सगळे थर आपणहून एका दिशेचे असतात. मग पातळ तुकड्यातच हा उफराटा कारभार का? उत्तर थरांच्या मांडणीत सापडलं. थंड करताना जाड स्फटिकातले थर एकमेकांवर जरा सरकून बसतात. पातळ तुकड्यात ते सरकत नाहीत, जुन्याच जागी राहतात. २०१९ मध्ये दोन थरांच्या तुकड्यावर दाब देऊन पाहिला, तेव्हा थर सरकले आणि दाब काढल्यावरही स्पिन एका दिशेला राहिले. माझ्या मते या सगळ्या कथेतला सर्वांत देखणा प्रयोग हाच. रसायन तेच, अणू तेच, नुसती बैठक बदलली.

[पडद्यावर: ग्राफीनच्या दोन थरांमध्ये चुंबकीय थर, रेखाचित्र]

स्पिनट्रॉनिक्सवाल्यांचे कान इथे टवकारले. विजेच्या भाराबरोबर इलेक्ट्रॉनच्या स्पिनलाही कामाला लावायचं, हा त्यांचा उद्योग. हार्ड डिस्कमधली माहिती वाचायला याच विद्येचा उपयोग झाला, आणि तिच्या मुळाशी असलेल्या शोधासाठी आल्बेर फेर आणि पेटर ग्रुनबेर्ग यांना २००७ चं नोबेल मिळालं. त्यांना धातूचे थर एकावर एक चढवावे लागले होते. इथे ते निसर्गानंच रचून ठेवलेत. २०१८ मध्ये क्रोमियम ट्रायआयोडाइडचे चार थर ग्राफीनच्या दोन थरांमध्ये ठेवून वीज पाठवली. स्पिन आलटून-पालटून वर-खाली असताना तिची वाट अडते, सगळे एका दिशेचे झाले की मोकळी होते. अतिशीत तापमानाला हा फरक १९,००० टक्क्यांपर्यंत गेला.

थंडीची अडचण हळूहळू सुटते आहे. २०२२ मध्ये लोह, गॅलियम आणि टेल्युरियमचा थराथरांनी बनलेला एक स्फटिक खोलीच्या तापमानाच्याही वर चुंबक राहिला. पण चिपसाठी चिकटपट्टीनं सोललेला तुकडा चालत नाही. थर अख्ख्या वेफरवर, म्हणजे चिप ज्यावर घडवतात त्या चकतीवर, वाढवावा लागतो, जाडी सगळीकडे एकसारखी ठेवून. क्रोमियम ट्रायआयोडाइडसारख्या पदार्थात तर एक थर इकडचा तिकडे झाला, की तिथलं चुंबकत्वच बदललं.