हजार विड्या, एक कार्ड

(दृश्य: सोलापूरचा पूर्व भाग, सकाळ. उंबऱ्याशी बसलेली बाई, मांडीवर सूप.)

आधी हात बघा. रात्री भिजवून ओल्या फडक्यात ठेवलेलं तेंदूचं पान अक्का पत्र्याच्या मापावर धरते, कात्रीनं कापते. चिमूटभर तंबाखू पसरते, वळते, तोंड दुमडते, दोऱ्याचे वेढे देते. झाली विडी. मजुरीचा हिशोब हजारावर असतो. आपल्याशी बोलताना ती मान वर करते, बोटं मात्र चालूच.

सोलापुरात हजारो बायकांचा दिवस असाच जातो. कापड गिरण्यांच्या काळात तेलंगणातून आलेली पद्मशाली कुटुंबं या भागात रुजली. गिरण्या मिटल्या, पुरुष यंत्रमागावर गेले. बायकांच्या हाती विडी होती, ती राहिली.

(दृश्य: विडी कारखान्याची ब्रँच, ओळीत टोपल्या.)

इथं विड्या तपासल्या जातात. सैल निघाली, फाटली, तर छाट. छाटीचे पैसे नाहीत. ब्रँचकडून मिळालेल्या पानात सडकं जास्त निघालं, तर हजार भरायला पान पदरच्या पैशानं आणायचं. हे नुकसान तिनंच का सोसायचं?

१९६६ च्या विडी कामगार कायद्यानं घरी बसून वळणाऱ्या बाईलाही कामगार मानलं. फंड, दवाखाना, मुलांची शिष्यवृत्ती, सगळं कामगार म्हणून नोंद असेल तर. अक्काकडे या नोंदीचं कार्ड आहे. पलीकडच्या घरातली बाई तेवढ्याच विड्या वळते, पण बिनकार्डाची. आणि २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर विडीवरचा कल्याण उपकरच बंद झाला. दवाखान्यांना, शिष्यवृत्त्यांना त्याच पैशाचा आधार होता.

लढून मिळालेलंही आहे. सोलापूरजवळच्या कुंभारीला कामगार नेते नरसय्या आडम, म्हणजे आडम मास्तर, यांच्या पुढाकारानं विडी कामगार बायकांसाठी गोदूताई परुळेकर वसाहतीत दहा हजार घरं उभी राहिली. पुढं रे नगर आलं, ३०,००० घरांचं. त्यात विडीवाल्यांबरोबर यंत्रमागवाले, कचरा वेचणारेही आहेत. १५,००० घरं जानेवारी २०२४ मध्ये ताब्यात मिळाली. भाड्याच्या खोलीत जन्म काढलेल्या माणसाला स्वतःच्या दाराची किल्ली म्हणजे काय, ते तिथं जाऊनच बघावं.

(दृश्य: संध्याकाळ, अक्काचं घर.)

लेक कॉलेजातून आली आहे. वही मिटून तिनं आईजवळचं सूप ओढून घेतलं. रात्रीपर्यंत तिच्या तीनशे विड्या होतील. उद्या ब्रँचवर त्या आईच्या कार्डावर चढतील.