पाणी किती चढलं, आणि घर कुठं आहे

नमस्कार श्रोतेहो.

जुलै उजाडला की कोल्हापुरात सकाळच्या चहाबरोबर एक प्रश्न ठरलेला असतो. ‘बंधाऱ्यावर किती?’ राजाराम बंधाऱ्याजवळची पंचगंगेची पातळी. 39 फूट म्हणजे इशारा, 43 म्हणजे धोका. हा आकडा सगळ्या गावाला एकच. पण तो ऐकून सुतारमळ्यातला माणूस कागदपत्रांची पिशवी काढून दाराशी ठेवतो, आणि राजारामपुरीतला माणूस पोरांना घेऊन पंचगंगा घाटाकडं पूर बघायला निघतो. पाणी तेवढंच, कुणाला त्याची मजा, कुणाला त्याची धास्ती.

आज मला बोलायचंय शेअर बाजाराबद्दल, आणि मी सुरुवात पुरापासून का केली ते तुमच्या लक्षात आलंच असेल. बाजार रोज वर-खाली होतो, ती पाण्याची पातळी. जोखीम म्हणजे तुमचं घर कुठल्या गल्लीत आहे ते. मी एका बँकेत तेहतीस वर्षं काढली. काउंटरच्या दोन्ही बाजूंना या दोन गोष्टींची गल्लत करणारी माणसं मी रोज पाहिली, आणि मी स्वतः त्यांतलाच एक. ते पुढं सांगतोच.

आधी भाव हलतो कसा ते बघू. गूळ घ्या. दिवाळी पाडव्याला शाहू मार्केट यार्डात गुळाचे मुहूर्ताचे सौदे निघतात. पूजा होते, नारळ फुटतो, आणि गुळाच्या पहिल्या काही रव्यांना, म्हणजे ढेपांना, व्यापारी हौसेनं चढा भाव लावतात. दुसऱ्या दिवशी पेपरात तोच भाव छापून येतो. तो मिळालेला असतो मोजक्या रव्यांना. पण गावाकडं गुऱ्हाळावर बसलेला शेतकरी घरातल्या सगळ्या गुळाला, एवढंच काय, अजून शेतात उभ्या असलेल्या उसालाही त्या भावानं गुणून मोकळा होतो. आठ दिवसांनी आवक वाढते, भाव उतरतो, आणि हा म्हणतो, ‘माझं एवढ्याचं नुकसान झालं.’ जे हातात आलंच नव्हतं त्याचं नुकसान!

शेअरचा भाव तसाच असतो. टीव्हीवर खाली पळणाऱ्या पट्टीत दिसतो तो शेवटच्या सौद्याचा भाव. कंपनीचे कोट्यवधी शेअर असतात, त्यांतले त्या दिवशी हात बदलतात ते थोडेसेच. त्या थोड्यांच्या भावानं सगळ्या कंपनीला गुणलं जातं, आणि मग बातमी येते की गुंतवणूकदारांचे इतके लाख कोटी ‘बुडाले’. ते पैसे कुठल्या नदीत गेले नाहीत. विकणाऱ्यांची गर्दी झाली आणि घेणारे हात आखडून बसले, म्हणून भाव उतरला. 4 जून 2024 आठवा, लोकसभेच्या निकालाचा दिवस. आदल्या दिवशी सेन्सेक्स, म्हणजे मुंबई शेअर बाजारातल्या तीस मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक, 76,469 वर बंद झाला होता. त्या एका दिवसात तो 4,390 अंकांनी खाली आला. त्याच आठवड्यात शुक्रवारी, 7 तारखेला, तो 76,693 वर होता. तीन दिवसांत देशातल्या कारखान्यांत असं काय बदललं? काही नाही. माणसांचा अंदाज बदलला, आणि परत बदलला.

ही हालचाल मोजायलाही एक माप आहे, त्याला इंडिया विक्स म्हणतात. पुढच्या महिनाभरात निफ्टी, म्हणजे पन्नास मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक, किती हलेल याचा बाजाराचा स्वतःचा अंदाज, वर्षाच्या टक्क्यांत मांडलेला. तो काढतात ऑप्शनच्या, म्हणजे ठरावीक मुदतीत ठरलेल्या भावानं घेण्या-विकण्याच्या हक्काच्या, भावांवरून. त्याला सोळानं भागा. सोळाच का, तर वर्षात बाजार सुमारे अडीचशे दिवस चालतो आणि अडीचशेचं वर्गमूळ साधारण सोळा. विक्स 16 असेल तर बाजार दिवसाला एक टक्क्याच्या आसपास हलेल, अशी लोकांची अटकळ आहे असं समजायचं. मार्च 2020 मध्ये तो 80 च्या वर गेला होता, म्हणजे दिवसाला पाच टक्के! त्याच महिन्यात, 23 तारखेला, बाजार उघडल्यावर थोड्याच वेळात दहा टक्के पडला, नियमाप्रमाणे पंचेचाळीस मिनिटं सौदे थांबवले, आणि परत सुरू झाल्यावर आणखी पडून सेन्सेक्स 13 टक्के खाली बंद झाला. हे माप वर जाणार की खाली ते सांगत नाही हं. किती हलणार एवढंच सांगतं.

आता माझं स्वतःचं.

2007 च्या दिवाळीनंतर बँकेत जेवणाच्या सुट्टीत बाजाराशिवाय दुसरा विषय नव्हता. शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांचे डीमॅट. मी कळंब्याच्या बाजूला प्लॉट घेऊन ठेवला होता आणि बांधकामासाठी दोन लाख बाजूला काढले होते. एफडीत ठेवले असते तर सतरा-अठरा हजार व्याज आलं असतं. मी ते पाच मोठ्या, नावाजलेल्या कंपन्यांच्या शेअरमध्ये घातले. कंपन्या चांगल्या होत्या, आजही आहेत. जानेवारी 2008 मध्ये सेन्सेक्स 20,873 वर बंद झाला, आणि तिथून त्याची घसरण सुरू झाली ती 9 मार्च 2009 पर्यंत. त्या दिवशी तो 8,160 वर होता.

आणि नेमक्या त्याच मार्चमध्ये गवंडी दारात. ‘साहेब, स्लॅब पावसाच्या आत पडला पाहिजे. सळी-सिमेंटचं बघा.’ कोल्हापूरचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, तो काही सेन्सेक्ससाठी थांबत नाही. मी सगळं विकलं. दोन लाखांचे पंच्याऐंशी हजार हातात आले. बाकीचं सोसायटीचं कर्ज.

मेच्या सुरुवातीला स्लॅब पडला. अठरा तारखेला, सोमवार होता, मी रजा टाकून स्लॅबवर उभा, हातात पाइप, आळ्यांत पाणी सोडतोय. खाली कामगारांच्या रेडिओवर बातम्या लागल्या होत्या. निवडणुकीचा निकाल लागल्यावर बाजार उघडला आणि एका दिवसात सेन्सेक्स 2,110 अंक, सतरा टक्के वर. वरचं सर्किट, म्हणजे सौदे थांबवायची ठरलेली मर्यादा, लागून बाजार बंद. मी पाइप धरून तसाच उभा. एका आळ्यातून पाणी वाहून खाली वाळूच्या ढिगावर पडायला लागलं तेव्हा गवंडी ओरडला, ‘अवो, लक्ष कुठाय?’

लक्ष कुठं असणार!

2010 च्या दिवाळीत सेन्सेक्स पुन्हा 21,000 वर पोहोचला. शेअर ठेवून ज्यांना थांबता आलं, त्यांच्यासाठी ही जवळजवळ तीन वर्षांची एक वाईट आठवण झाली. माझ्यासाठी तो एक लाख पंधरा हजारांचा खड्डा होता, व्याजासकट फेडलेला. कंपन्या त्याच, पडझड तीच. मी चुकलो ते तारखेत. पावसाच्या आत लागणारे पैसे मी अशा जागी ठेवले, जिथं पाणी कधी ओसरेल ते कुणाच्या हातात नाही.

यातलं एक गणित मला बँकेत असूनही तेव्हा उमगलं नव्हतं. बाजार साठ टक्के पडला, तर मूळ जागी यायला साठ टक्के वाढून भागत नाही. शंभराचे चाळीस झाले. चाळीसाचे परत शंभर व्हायला दीडशे टक्के वाढ लागते. आणि एखादा शेअर एका वर्षी पन्नास टक्के वाढला, दुसऱ्या वर्षी पन्नास टक्के पडला, तर बरोबरी होत नाही. शंभराचे दीडशे, दीडशेचे पंच्याहत्तर. सरासरी वाढ तेवढीच असली तरी जास्त उड्या मारणारा शेअर शेवटी मागं राहतो, तो यामुळं.

छोट्या कंपन्यांचा प्रकार आणखी वेगळा. कुणीतरी टिप देतो, भाव रोज वर जातो, आणि एक दिवस घेणारेच नाहीसे होतात. मग रोज पाच टक्क्यांचं खालचं सर्किट. पाच-पाच टक्क्यांनी दहा दिवसांत शंभराचे साठ होतात, आणि त्या दहा दिवसांत विकायचं म्हटलं तरी गिऱ्हाईक नाही. मोबाइलवर विकायचं बटण आहे, दाबताही येतं, होत काही नाही.

आता उलट बाजू. भाव हलत नाही म्हणजे पैसे सुरक्षित, हा समज आपल्याकडं फार घट्ट आहे. महिन्याला चार टक्के, ठरल्या तारखेला, बाजार पडो की चढो, असं सांगणाऱ्या योजना आपल्या भागात काही कमी आल्या नाहीत. महिन्याला चार म्हणजे व्याजावर व्याज धरून वर्षाला साठ टक्के. असा कुठला धंदा आहे बाबांनो? उद्यमनगरातल्या एखाद्या फाउंड्रीवाल्याला विचारा, वर्षाला साठ टक्के सुटतात का, तो चहा पाजून हाकलून देईल. पण लोक पैसे घालतात, कारण आकडा हलताना दिसत नाही. नव्या माणसाच्या पैशातून जुन्याला देणं थांबतं, त्या दिवशी तो आकडा एकदमच हलतो. तोवर चढउतार शून्य आणि जोखीम शंभर टक्के.

नावाजलेल्या कंपनीतही हे घडतं. 7 जानेवारी 2009 ला सत्यम कॉम्प्युटरच्या अध्यक्षांनी पत्र लिहून हिशेब खोटे असल्याचं कबूल केलं. आदल्या दिवशी 179 रुपयांच्या आसपास असलेला शेअर त्या दिवशी चाळिसाच्या घरात आला. हे पाणी ओसरून मूळ जागी आलं नाही. म्हणून सगळे पैसे एका कंपनीत नकोत. बाजार पडतो तो सावरू शकतो. एकटी कंपनी पडली तर तिला सावरायचं बंधन नाही.

तरुण मुलांसाठी एक आकडा सांगतो. रंकाळ्यावर संध्याकाळी बसलात तर दर चौथ्या पोराच्या मोबाइलवर भावाच्या आलेखातल्या हिरव्या-लाल काड्या दिसतील. फ्युचर्स आणि ऑप्शन, म्हणजे पुढच्या तारखेचे मुदतीचे सौदे. सेबीनं, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, सप्टेंबर 2024 मध्ये तीन वर्षांचा हिशेब जाहीर केला, 2021-22 ते 2023-24. या व्यवहारात उतरलेल्या दर शंभर सामान्य माणसांतल्या त्र्याण्णव जणांना तोटा झाला, सगळ्यांचा मिळून 1.8 लाख कोटींच्या वर. शेअर पडला तर निदान थांबता येतं. ऑप्शनला मुदत असते. मुदत संपली की थांबायला जागाच उरत नाही. म्हणजे माझ्या स्लॅबसारखी तारीख दर आठवड्याला!

थांबायची ताकद कुठून येते, हे मला बँकेत आलेल्या शेतकऱ्यांनी शिकवलं. त्यांच्या पासबुकात दोन प्रकारच्या नोंदी असायच्या. दर दहा दिवसांनी दुधाचं बिल, थोडंसंच, पण न चुकता. आणि वर्षातून उसाचं बिल, कधी वेळेवर, कधी दोन महिने उशिरा, कधी दरासाठी आंदोलन होऊन लटकलेलं. ज्याच्या दावणीला दोन म्हशी आहेत तो उसाच्या बिलासाठी थांबू शकतो. किराणा दुधावर चालतो. ज्याच्याकडं नुसताच ऊस, तो सावकाराकडं जातो. शेअर हे उसाचं बिल. आधी म्हशी बांधा: सहा-आठ महिन्यांचा घरखर्च बँकेत, औषधपाण्याचा विमा, दोन-तीन वर्षांत लागणारी रक्कम ठेवीत. उरलेलं, जे पाच-सात वर्षं तरी लागणार नाही, ते बाजारात गेलं तर जाऊ दे.

पाच-सात वर्षं म्हटली तरी खात्री नाही हेही सांगतो. 2019 ला पाणी आलं तेव्हा कित्येक जण घरातच बसून राहिले. ‘2005 ला इथवर आलं नव्हतं,’ असं म्हणत. पातळी 55 फुटांच्या पुढं गेली, आणि त्यांना बोटीतून काढावं लागलं. मागची खूण हा मागचा हिशेब असतो. बाजारातही ‘यापेक्षा खाली कधी गेलं नाही’ असं कुणी म्हणालं की मला ती घरं आठवतात.

माझा भाचा शिरोलीच्या एमआयडीसीत नोकरीला आहे. परवा त्याचा फोन आला, ‘मामा, बाजार पडलाय, आत्ता घेऊ का?’

मी विचारलं, ‘पैसे कशाचे?’

‘लग्नाचे ठेवलेत.’

‘लग्न कधी?’

‘मार्गशीर्षात म्हणत्यात.’

‘मग बाजाराचं राहू दे, आधी कार्यालय बुक कर.’

नमस्कार.