तेराशे सीसीचं डिझेल आणि त्याचं तीन लिटर ऑइल

(दृश्य : गॅरेज. बॉनेट उघडलेलं. इंजिनावरचं काळं प्लास्टिकचं कव्हर उचललं जातं.)

स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, एर्टिगा. इंडिका व्हिस्टा, मांझा, झेस्ट. फियाटची पुंटो आणि लिनिया. शेव्हरोलेची सेल. कंपन्या चार, चेहरे वेगवेगळे. पण यातली गाडी डिझेलची असेल, तर बॉनेटखाली बहुतेक एकच इंजिन सापडतं : १२४८ सीसी, चार सिलिंडर. मारुतीने त्याला डीडीआयएस म्हटलं, टाटांनी क्वाड्राजेट, शेव्हरोलेने स्मार्टटेक. मूळ नाव मल्टिजेट, आणि मूळ घर फियाटचं.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचे कडक नियम लागू झाले आणि या इंजिनाची नवी गाडी मिळणं आपल्याकडे बंद झालं. आज रस्त्यावर जी आहेत ती सगळी वापरलेली आहेत. त्यातल्या पहिल्या स्विफ्टनी तर पंधरा वर्षं केव्हाच ओलांडली. तरीही ती धावताहेत. काही दोन लाखांवर, काही तीन लाखांवर. आणि काही लाखभर किलोमीटरलाच गॅरेजच्या कोपऱ्यात उघडून पडलेली आहेत. इंजिन तेच असून एवढा फरक का पडतो, ते आज बघायचं आहे.

(दृश्य : जुनी छायाचित्रं. कारखान्याची असेंब्ली लाइन.)

आधी थोडी पार्श्वभूमी. जुन्या डिझेलमध्ये सिलिंडरात सगळं इंधन एका दमात फवारलं जायचं. ते पेटलं की दाब एकदम चढायचा. डिझेलचा तो ओळखीचा ठोका त्यातूनच यायचा. कॉमन रेल पद्धतीत पंप एका जाड नळीत, म्हणजे रेलमध्ये, दाबाखालचं डिझेल तयार ठेवतो आणि कधी, किती सोडायचं ते संगणक ठरवतो. फियाटच्या संशोधकांनी ही पद्धत मोटारीसाठी विकसित केली, बॉशने ती उत्पादनात आणली आणि १९९७ मध्ये अल्फा रोमिओ १५६ मध्ये ती पहिल्यांदा गिऱ्हाइकाच्या हाती आली. २००३ च्या मल्टिजेटने पुढचं पाऊल टाकलं. एकाच आवर्तनात पाचपर्यंत फवारे. आधी थेंबभर, मग मुख्य, मग गरजेप्रमाणे थोडं मागाहून. दाब टप्प्याटप्प्याने चढतो, म्हणून आवाज मऊ आणि धूर कमी.

हे इंजिन आधी पोलंडमधल्या बिएल्स्को-बियाला इथे बनायला लागलं. भारतात सुझुकीने परवाना घेऊन ते मानेसरला बनवलं आणि जानेवारी २००७ मध्ये डिझेल स्विफ्ट आली. फियाट आणि टाटांच्या भागीदारीतला कारखाना आपल्या रांजणगावला. जून २०१० मध्ये पेट्रोलचे दर सरकारी नियंत्रणातून सुटले, डिझेल स्वस्तच राहिलं, आणि सगळ्यांनाच डिझेल गाडी हवी झाली. मारुतीला स्वतःची इंजिनं पुरेनात. २०१२ मध्ये त्यांनी फियाटशीच खरेदीचा करार केला. मारुतीच्या गाडीत शिरूर तालुक्यात बनलेलं इंजिन असू शकतं, ते त्यामुळे.

(दृश्य : उघडलेलं इंजिन, टेबलावर. कॅमेरा पिस्टनवर.)

आता हे बघा. सिलिंडरचा व्यास ६९.६ मिलिमीटर. पिस्टनची वर-खाली चाल ८२ मिलिमीटर. व्यासापेक्षा चाल मोठी, म्हणजे ओढ खालच्या आरपीएमला, वरच्या नाही. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. व्हॉल्व्ह उघडणारे दोन दांडे, म्हणजे कॅमशाफ्ट, आणि सोळा व्हॉल्व्ह. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरून सिलिंडरात जादा हवा कोंबणारा पंखा. साध्या टर्बोच्या इंजिनात ४००० आरपीएमला ७५ पीएस आणि २००० ला १९० न्यूटन मीटर. व्हेरिएबल, म्हणजे पात्यांचा कोन बदलणाऱ्या टर्बोच्या इंजिनात ९० पीएस, आणि १७५० ला २०० न्यूटन मीटर. मारुतीच्या डीडीआयएस १९० आणि डीडीआयएस २०० या नावांतले आकडे हेच, टॉर्कचे, म्हणजे ओढीचे.

चालवणाऱ्याला यातून एक गोष्ट नक्की लागते. १७५०-२००० च्या खाली हे इंजिन जवळपास झोपलेलं असतं. खंबाटकी चढताना चौथ्या गिअरमध्ये बाराशे आरपीएमवर पाय दाबून धरला, तर गाडी हलत नाही आणि बेअरिंगवर मात्र मार बसतो. गिअर खाली घ्या. इंजिन फिरू द्या. त्याला फिरण्याचा त्रास नाही, दबून ओढण्याचा आहे.

(दृश्य : हेडचं कव्हर काढलेलं. कॅमशाफ्टवरून ऑइल ओघळतंय.)

आणि आता मुख्य मुद्दा. या इंजिनात ऑइल साधारण तीन लिटर बसतं, थोडं इकडेतिकडे. एवढ्याशा ऑइलवर किती जणांचा संसार आहे, ते मोजा.

क्रँकची बेअरिंग त्यावर. टर्बोचा दांडा त्यावर, आणि तो दांडा भर वेगात मिनिटाला दोन लाखांच्या वर फेरे घेतो, फक्त ऑइलच्या पातळ थरावर तरंगत. व्हॉल्व्हखालचे टॅपेट हायड्रॉलिक आहेत. त्यांच्या पोटात ऑइलचा दाब असेल तरच व्हॉल्व्हमधलं अंतर आपोआप जुळतं. आणि चौथी गोष्ट, जिच्याकडे सहसा कुणी बघत नाही : क्रँक आणि कॅमशाफ्ट एका तालात फिरवणाऱ्या साखळीचा, म्हणजे टायमिंग चेनचा टेन्शनर. तोही ऑइलच्या दाबावरच चेनला ताण देतो.

चेन आहे, बेल्ट नाही, म्हणून बदलायची गरज नाही, असं विकताना सांगितलं गेलं. ते अर्धंच खरं. ऑइल वेळेवर बदललं तर चेन खरोखर फार वर्षं जाते. पण ऑइल काजळीने जड झालं की तीच काजळी चेनच्या प्रत्येक पिनमध्ये घासते. पिना झिजतात, चेन लांबते, टेन्शनर पुरा पडत नाही.

(ध्वनी : थंड इंजिनाचा स्टार्ट. पहिले दोन-तीन सेकंद धातूची खरखर, मग शांत.)

हा आवाज परत ऐका.

(ध्वनी : तोच स्टार्ट, पुन्हा.)

सकाळी पहिल्या सेल्फला ही खरखर येते, ऑइलचा दाब चढला की विरते. रोज येत असेल तर तेवढ्यावर समाधान मानू नका. चेन, टेन्शनर आणि गाइड तपासून घ्या, आणि बदलायची तर तिन्ही एकत्र बदला. खर्च मोठा आहे, कारण पुढचं कव्हर आणि चेंबर, म्हणजे तळाचं ऑइलचं भांडं, उतरवावं लागतं. पण चेन एक दात जरी सरकली तरी टायमिंग चुकतं, आणि आणखी सरकली की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. मग हेडचंच काम निघतं.

ऑइल कधी बदलायचं? गाडीच्या पुस्तकात दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष असं सापडेल. माझं स्पष्ट मत असं की लाखावर रनिंग झालेलं आणि शहरात चालणारं इंजिन असेल, तर सात-आठ हजारांना बदला. पुण्या-मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये गाडी तासभर नुसती धडधडत उभी असते. मीटरवर किलोमीटर चढत नाहीत, ऑइलमध्ये काजळी मात्र चढते. ग्रेड पुस्तकात लिहिलेलीच घ्या. 'जुनं इंजिन आहे, जाड टाका' हा सल्ला या इंजिनाला घातक आहे. टेन्शनरपर्यंत आणि टॅपेटपर्यंत ऑइल पहिल्या सेकंदांत पोचलं पाहिजे, आणि जाड ऑइल तिथे उशिरा पोचतं.

(दृश्य : ऑइलची काडी, फडक्याने पुसून परत घातली जाते. जवळून.)

काडी बघायची ती सपाट जागी, इंजिन बंद करून, ऑइल खाली उतरू दिल्यावर. डिझेलचं ऑइल नवं घातल्यावर थोड्याच दिवसांत काळं होतं. रंगावरून घाबरायचं कारण नाही. पातळी महत्त्वाची. खालच्या खुणेपर्यंत आली, तर मुळातल्या तीन लिटरमधलं बरंच संपलेलं असतं. आणि वरच्या खुणेच्या पुढेही भरू नका. जास्तीचं ऑइल ब्रीदरवाटे, म्हणजे इंजिनातली वाफ सोडणाऱ्या नळीवाटे, हवेच्या वाटेत ओढलं गेलं, तर डिझेल इंजिन तेच जाळत सुटतं, आणि चावी काढली तरी थांबत नाही.

टर्बोचं पथ्य छोटं आहे. सुरू केल्याबरोबर रेस मारू नका. घाट चढून वर आलात, चहाला थांबलात, तर मिनिटभर न्यूट्रलला चालू ठेवा आणि मग बंद करा. तापलेल्या टर्बोत थांबलेलं ऑइल जळून कोळसा होतं, आणि तोच कोळसा पुढे ऑइलची वाट अडवतो.

(दृश्य : डिझेल फिल्टर. काचेच्या भांड्यात उतरवलेलं डिझेल, तळाशी पाण्याचा थर.)

इंधनाच्या बाजूला एकच शत्रू, पाणी. तळाशी हा थर दिसतोय ना? गाडीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार हवा असते. या इंजिनाच्या रेलमध्ये भर वेगात १४०० बारपर्यंत दाब जातो. इतक्या दाबाखाली नोझलच्या बारीक छिद्रांतून पाणी किंवा कचरा गेला, तर नोझल टिकत नाही. फिल्टर वेळेवर बदला, पावसाळ्यात त्यातलं पाणी काढायला सांगा. आणि इंजिन चालू असताना रेलच्या नळ्यांचे नट कधीही सैल करू देऊ नका. जुन्या डिझेलमध्ये हवा काढायला तसं करत. इथे तो फवारा कातडीतून आत शिरतो आणि हात गमावायची वेळ येते.

काळा धूर, पिकअप बसलेला, मध्येच झटके : अशी तक्रार आली की लगेच नोझल बदलायला निघू नका. आधी ईजीआर व्हॉल्व्ह उघडून बघायला सांगा. जळालेला वायू परत आत फिरवणारी ही वाट शहरातल्या छोट्या फेऱ्यांनी काजळीने भरते. बऱ्याचदा साफसफाईवर काम भागतं. टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतचे, म्हणजे हवा थंड करणाऱ्या जाळीपर्यंतचे, रबरी पाइपही बघा. एखादी चीर असली तरी लक्षणं हीच.

कूलंटबद्दल थोडक्यात. बोअरवेलचं पाणी भरू नका. हेड ॲल्युमिनियमचं आहे. क्षार साचतात, धातू खातात. काटा वर गेला तर गाडी तिथेच उभी करा.

(दृश्य : जुन्या गाड्यांचा बाजार. एका गाडीचं बॉनेट उघडलं जातं.)

अशी गाडी विकत घ्यायला जाल, तेव्हा मालकाला आधीच सांगा, इंजिन गरम करून ठेवू नका. थंड इंजिनावर हात ठेवा, सेल्फ स्वतः मारा, ती खरखर ऐका. इंजिन गरम झालं की ऑइल भरायचं झाकण हळूच सैल करा. थोडी वाफ येणारच. पण भकाभका धूर आला, झाकण थडथडायला लागलं, तर कॉम्प्रेशन खाली उतरतंय, रिंगा गेल्यात. सर्व्हिसचे कागद मागा, आणि त्यात ऑइल बदलल्याच्या तारखा शोधा. मीटर मागे फिरवता येतो, तारखा सलग असतील तर खोट्या करणं अवघड.

नोंदणीला पंधरा वर्षं होत आली असतील, तर आरटीओतली फेरनोंदणी आणि पर्यावरण कर भावात धरून बोला.

सुट्या भागांची चिंता फारशी नाही. इतक्या गाड्यांत एकच इंजिन बसल्यामुळे चेन किट, फिल्टर, टॅपेट बाजारात आहेत. फक्त मागवताना नुसतं 'तेराशे डिझेल' म्हणू नका. चेसिस नंबर द्या, ७५ पीएस की ९० ते सांगा, कारण दोन्हींचे टर्बो वेगळे आहेत. आणि पार्ट हातात आला की जुना शेजारी ठेवून दोन्ही जुळतात का ते बसवण्याआधी बघा.