एका मैलावर आठ वीजमीटर

(दृश्य: पहाट. शेतांमधून सरळ गेलेले लाकडी खांब.)

या खांबांबरोबर चालत राहा. ही अमेरिकेतल्या ग्रामीण वीज सहकारी संस्थेची तार; एक मैल संपेपर्यंत अशा तारेवर सरासरी आठच ग्राहक लागतील. तिथल्याच मोठ्या खासगी वीज कंपन्यांना तेवढ्याच अंतरात तिसाच्या वर मिळतात. खांब, तार, दुरुस्तीची गाडी यांचा खर्च मात्र मैलांवर ठरतो.

कंपन्यांनी हा हिशेब फार पूर्वीच करून ठेवला होता. १९३५ साली शहरं उजळलेली होती आणि शेतांवरच्या दहा घरांपैकी जेमतेम एकात वीज होती. बाकीच्या घरांत रॉकेलचा दिवा, हाताने ओढलेलं पाणी आणि चुलीवर तापवायची लोखंडी इस्त्री. भर उन्हाळ्यातही कपड्यांसाठी चूल पेटायची.

११ मे १९३५ रोजी अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ग्रामीण विद्युतीकरणाची वेगळी यंत्रणा स्थापन केली. वर्षभराने कायदाही झाला. स्वस्त कर्ज दिलं की कंपन्या गावांकडे वळतील, अशी आशा होती. त्या फारशा वळल्याच नाहीत. कर्ज मागायला आले ते शेतकरी, आपापल्या सहकारी संस्था काढून.

सभासद व्हायला साधारण पाच डॉलर लागत. मंदीच्या दिवसांत, दारात खांबही नसताना, पाच डॉलर! शेजारीच शेजाऱ्याला गळ घालत फिरत. काही भागांत तर संस्था आकाराला येतेय असं दिसताच खासगी कंपनीने घाईघाईने सधन पट्ट्यातून स्वतःची तार ओढली. चांगले ग्राहक तिकडे गेले, तर उरलेल्या विरळ वस्तीच्या जोरावर कर्ज फेडायचं कसं? या तारांना लोक आकसाच्या तारा म्हणत.

मग काटकसर सुरू झाली. सिंगल फेज लाइन, पोलादी गाभ्याची दणकट तार, दोन खांबांत जास्त अंतर. अनेक ठिकाणी सभासदच मीटर वाचून आकडा कळवत.

(दृश्य: जुनं छायाचित्र. मोठा तंबू, विजेची शेगडी, समोर गर्दी.)

वीज आली, पण नुसत्या दिव्यांवर कर्ज फिटत नाही. वापर वाढायला हवा. म्हणून यंत्रणेने गावोगाव तंबू नेले. यंत्रणेच्या गृहशास्त्रतज्ज्ञ लुईझन मेमर तिथे विजेवर स्वयंपाक करून दाखवत. लोक त्याला सर्कसच म्हणायचे.

आज अशा सुमारे ९०० संस्था देशाच्या निम्म्याहून अधिक भूभागावर वीज पोचवतात. वापर कितीही असो, एका सभासदाला एकच मत. शिल्लक राहिलेली रक्कम वापराच्या प्रमाणात सभासदाच्या नावे जमा होते. ती लगेच हातात पडत नाही, आधी खांब-तारांत गुंतते; परत मिळेपर्यंत कधी कधी वीस वर्षंही जातात.

दुखणं आहे ते मतदानाचं. संचालकांच्या निवडणुकीत अनेक संस्थांत दहा टक्के सभासदही मत देत नाहीत. वीज गेली की मात्र मालक कोण ते सगळ्यांना आठवतं.

(दृश्य: खांबावर लाइनमन, खाली फायबरचं वेटोळं.)

आता प्रश्न इंटरनेटचा आहे. विरळ वस्तीत केबल टाकणं परवडत नाही, हे उत्तर या लोकांनी पुन्हा ऐकलं. दोनशेहून अधिक संस्थांनी स्वतःच ब्रॉडबँड सुरू केलंय. या खांबावरची जोडणी दुपारपर्यंत होईल. पुढचं घर बरंच लांब आहे.