सिडसाठी सव्वीस मिनिटं

५ जून १९७५. लंडनचा अ‍ॅबी रोड स्टुडिओ. पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचं काम चालू असताना एक जाडजूड माणूस आत येतो. डोकं भादरलेलं, भुवयासुद्धा उतरवलेल्या. बराच वेळ कुणीच त्याला ओळखत नाही. ओळख पटते, तेव्हा बँडचा बासवादक आणि गीतकार रॉजर वॉटर्सला रडू आवरत नाही. हा सिड बॅरेट, बँडचा पहिला गायक-गिटारवादक. त्या दिवशी ज्या गाण्यावर काम चाललं होतं, ते त्याच्यावरच लिहिलेलं: 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड'.

बँडला नाव दिलं सिडनं. १९६७चा पहिला अल्बम जवळजवळ सगळा त्याचाच. एकविशीतला पोरगा, टीव्हीवर झळकलेला. त्याच वर्षी एलएसडी या भास निर्माण करणाऱ्या अमली पदार्थाच्या नादात त्याचं मन ढासळायला लागलं. स्टेजवर गिटार गळ्यात अडकवून तो नुसताच उभा राहायचा. जानेवारी १९६८मध्ये एका कार्यक्रमाला निघालेल्या मित्रांनी त्याला घ्यायला गाडी वळवलीच नाही. झालं, सिड बँडबाहेर. पुढे १९७३च्या अल्बमनं बँड जगभर पोचला, त्याच्याशिवाय.

मुंबईत हे गाणं कॅसेटवरून पसरलं. कुणीतरी काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमधून मूळ कॅसेट आणायचं, मग दादर-गिरगावात एकमेकांकडून भरून घेतलेल्या प्रती फिरायच्या. प्रतीगणिक खरखर वाढायची. पण बँडचा गिटारवादक डेव्हिड गिलमोरचे ते गिटारचे चार स्वर कुठल्याही टेपवर लख्ख ओळखू यायचे. शब्द यायला आठ मिनिटांहून जास्त वेळ लागतो, आणि तेवढं थांबायची सवय शास्त्रीय बैठकीतला आलाप ऐकत वाढलेल्या कानांना होतीच.

प्रसिद्धीवरच्या बहुतेक गाण्यांत पडणाऱ्याची कीव असते. इथे मागे उरलेल्यांच्या मनातली बोच आहे. म्हणून हे गाणं मला फार मोठं वाटतं. नऊ भागांचं, एकूण सव्वीस मिनिटांचं हे गाणं; नवव्या भागाच्या अखेरीस बँडचा रिक राइट कीबोर्डवर सिडच्याच 'सी एमिली प्ले' या गाण्याची सुरावट वाजवतो. कान देऊन ऐका, सापडेल.

सिड जुलै २००६मध्ये केंब्रिजला वारला. तोवर चित्रं काढत, बाग सांभाळत जगला, बँडमध्ये कधी परतला नाही. पुढच्याच फेब्रुवारीत रॉजर वॉटर्सचा कार्यक्रम वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मैदानावर झाला. कॅसेटवर वाढलेली पोरं एव्हाना नोकरदार झाली होती. ज्या माणसानं हे शब्द लिहिले, तोच आता त्यांच्या शहरात, त्यांच्यासमोर गात होता.