३०२ वजा १४७: उत्तर चुकलं, पण कसं?

नमस्कार मंडळी. पहिल्या सत्राची संकलित चाचणी झाली, पेपर तपासून झाले. आमच्या तासगाव भागात सध्या द्राक्षबागांच्या छाटणीची धांदल, त्यामुळं पालक गाडी बंद न करताच विचारतात, "गुरुजी, पोराला किती पडले?" ते सांगतोच. पण आज गुणांऐवजी चुका बघू.

[फळ्यावर लिहीत] तिसरीचं गणित. ३०२ वजा १४७. बरोबर उत्तर १५५. वर्गात चुकीची उत्तरं मुख्यतः दोनच आली, २४५ आणि १६५. दोन्हींना शून्य गुण.

आता २४५ बघा. दोनातून सात जात नाहीत, म्हणून पोरानं सरळ सातातून दोन घालवले. पाच. चारातून शून्य, चार. तिनातून एक, दोन. वर कोण, खाली कोण, याच्याशी त्याला देणंघेणंच नाही. मोठ्यातून लहान काढायचा, संपला विषय!

१६५ वालीनं मात्र शतक सुटं केलं, शून्याचे दहा केले, दोनाचे बारा केले. बारातून सात, पाच. झकास. फक्त त्या दहातला एक दशक एककाला दिलाय, तिथं नऊच उरलेत, हे निसटलं. दहातून चार, सहा.

या दोघांना सरसकट पन्नास वजाबाक्या दिल्या तर पहिला आपली चूकच पक्की करून येईल. त्याला काड्यांचे गठ्ठे द्या, स्वतः सोडू द्या. तिला खेळातली शंभराची नोट द्या: "दहाच्या दहा घे. त्यातली एक मोड. आता दहाच्या किती राहिल्या?" बहुतेकदा तेवढ्यानं भागतं.

प्रगतिपुस्तकात यातलं काही दिसत नाही. ४१ ते ५० टक्के म्हणजे क-२ श्रेणी, ५१ला क-१. ४१वरून ५०वर आलेलं पोर जागच्या जागी, आणि ५०चा ५१ झाला की श्रेणी वाढली! घरी मात्र ४१चे ५० करणाऱ्यालाच बोलणी. शिवाय तिसरीला संकलितचा भार ४० टक्केच. ६० टक्के वर्षभराच्या आकारिकचे, म्हणजे तोंडी काम, प्रकल्प, स्वाध्याय. त्याबद्दल कुणी अवाक्षर विचारत नाही.

पालकसभेला याल तेव्हा पेपर बघायला मागा. आणि आज घरी पोराला हीच वजाबाकी घाला. या दोन्हींपेक्षा वेगळं चुकीचं उत्तर आलं तर खाली कळवा, ते कसं आलं ते शोधू.