१५ एप्रिलपर्यंत

(दृश्य: पुणे, पेठेतली एक खोली. टेबलावर जुना लॅपटॉप आणि थर्मास. भिंतीवर कालनिर्णय.)

१ डिसेंबरभोवती, म्हणजे अर्जाच्या शेवटच्या तारखेभोवती, लाल पेनाने गोल काढलेला असायचा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर त्या रात्री बारा वाजायचे, तेव्हा पुण्यात २ तारखेचे सकाळचे साडेदहा होत. हे साडेदहा तास आपल्याला वरकड मिळालेत असं मला वाटायचं. ते सगळे मी एकाच परिच्छेदावर घालवायचे.

ही माझी खोली. इथूनच मी दोन वर्षं लागोपाठ क्लिनिकल सायकॉलॉजीच्या पीएचडीसाठी अर्ज केले. पहिल्या वर्षी दहा, दुसऱ्या वर्षी नऊ. आता मी अमेरिकेतल्या एका विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत घरी आले आणि या टेबलापाशी बसले, तर छातीत तीच जुनी धडधड सुरू झाली. म्हणून ही फिल्म. त्या सात-आठ महिन्यांत माणसाचं काय होतं, ते मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

(दृश्य: वहीत उभे-आडवे रकाने. विद्यापीठ, प्राध्यापक, तारीख, फी.)

आपल्याकडे प्रवेश म्हटलं की एक परीक्षा आणि एक गुणवत्ता यादी. अमेरिकेत तसं नसतं. अर्ज विद्यापीठाच्या नावाने जातो, पण बहुतेक ठिकाणी तो खरा एका प्राध्यापकासाठी असतो. त्या वर्षी तो किंवा ती विद्यार्थी घेणार आहे का, घेणार असेल तर एकच की दोन, तुमचा विषय त्यांच्या संशोधनाशी जुळतो का, यावर सगळं ठरतं. नावाजलेल्या विभागाकडे चारशे-पाचशे अर्ज येतात आणि जागा असतात सहा ते आठ. पाच ते सात वर्षांचा हा अभ्यासक्रम असतो. फी माफ होते, वर शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाचं विद्यावेतन मिळतं. म्हणून ही झुंबड. १९४९ साली कोलोरॅडोतल्या बोल्डर इथे झालेल्या परिषदेत ठरलं की क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट हा संशोधकही असला पाहिजे आणि उपचार करणाराही. एकेका विद्यार्थ्याला अशी दुहेरी तालीम द्यायची, तर जागा थोड्याच राहणार.

अर्जाची फी साधारण ७५ ते १०० डॉलर. दहा अर्ज म्हणजे पाऊण लाखाच्या आसपास. बाबांनी एका अक्षराने कधी विचारलं नाही. त्यांनी विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं मला अनेकदा वाटलं.

(दृश्य: एका जुन्या वाड्यातला दिवाणखाना. बंद दाराआडून कीबोर्डचा आवाज.)

सगळ्यात जास्त दमवलं शिफारसपत्रांनी. प्रत्येक अर्जाला तीन लागतात. माझे एक सर फार मायाळू. म्हणाले, "तूच लिहून आण गं, मी सही करतो." आपल्याकडे हे सर्रास चालतं आणि त्यात त्यांना काही वावगंही वाटत नव्हतं. पण ही पत्रं पाहण्याचा हक्क मी सोडत आहे, अशी खूण अर्जात मी स्वतःच करून दिलेली. मग पत्र मीच कसं लिहिणार? सरांना हे समजावून सांगायचं कसं? आपण त्यांच्यावर अविश्वास दाखवतोय असं त्यांना वाटलं तर?

शेवटी एका रविवारी त्यांच्या घरी गेले. सगळं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "म्हणजे मला खरंच लिहायला लागणार." ते आत गेले. मी बाहेर काकूंबरोबर बसले. आतून दोन बोटांनी टाइप केल्याचा आवाज येत होता. टक, टक, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा टक. दोन तास. मध्ये एकदा बाहेर येऊन त्यांनी विचारलं, "तुझा तो शाळेतल्या मुलांचा प्रकल्प, त्याचं वर्ष कोणतं?" त्यांनी काय लिहिलं ते मला आजही माहीत नाही. पण माझ्याबद्दल कुणीतरी दोन तास बसून विचार केला, हे मला त्या हिवाळ्यात फार पुरलं.

पत्र पाठवण्यासाठी दहा विद्यापीठांच्या दहा लिंक त्यांना मेलवर गेल्या होत्या. त्यातल्या चार स्पॅममध्ये होत्या. त्या शोधायला पुन्हा एक रविवार गेला.

(दृश्य: स्क्रीनवर खोडलेल्या ओळी.)

आणि अर्जासोबतच्या निबंधातला, म्हणजे स्टेटमेंटमधला, तो एक परिच्छेद. मला या विषयाकडे का वळावंसं वाटलं? खरं उत्तर असं की बारावीत मला स्वतःलाच पॅनिक अटॅक यायचे, आणि एका समुपदेशक बाईंनी मला त्यातून बाहेर काढलं. हे मी लिहायचे, खोडायचे, पुन्हा लिहायचे. २००६ साली अ‍ॅपलबी आणि अ‍ॅपलबी या दोन संशोधकांनी अमेरिकेतल्या प्रवेश समित्यांच्या प्रमुखांना विचारलं होतं की अर्जातल्या कोणत्या गोष्टीने उमेदवाराचं नुकसान होतं. उत्तरांमध्ये एक गोष्ट ठळक होती: स्वतःच्या मानसिक आजाराबद्दल लिहिणं. मन समजून घेणाऱ्या शास्त्रानेच हे म्हणावं, याचा मला राग आला होता. अजूनही येतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांची डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी ही उपचारपद्धती जगभर शिकवली जाते. वयाच्या १७ व्या वर्षी आपण स्वतः मनोरुग्णालयात होतो, हे त्यांनी जाहीरपणे सांगितलं ते २०११ मध्ये. पीएचडी झाल्याला तेव्हा ४० वर्षं होऊन गेली होती.

मी तो परिच्छेद काढला. त्या जागी शाळेतल्या मुलांबरोबर केलेलं काम लिहिलं. तेही खरंच होतं. कुणी विचारलं, तर मी आजही हेच सुचवीन: अर्जात काम लिहा आणि स्वतःची गोष्ट तुमच्या माणसांसाठी ठेवा. ती लपवण्यासारखी आहे म्हणून नव्हे. अनोळखी वाचकाच्या हातात ती द्यायची की नाही, हे तुमचं तुम्ही ठरवायचं असतं, म्हणून.

(दृश्य: रात्र. उशीखालून मोबाइलचा उजेड.)

अर्ज गेले आणि वाट पाहणं सुरू झालं. मुलाखतीची बोलावणी डिसेंबर-जानेवारीत येतात, आपल्याकडच्या मध्यरात्री. मी मोबाइल उशीखाली घेऊन झोपायचे. विद्यापीठाचं पोर्टल उघडायचं, 'अंडर रिव्ह्यू', म्हणजे अर्ज अजून तपासला जातोय, हे वाचायचं, बंद करायचं, पाच मिनिटांनी पुन्हा उघडायचं. संक्रांतीला आत्याने तिळगूळ हातावर ठेवता ठेवता विचारलं, "काय झालं गं तुझ्या अमेरिकेचं?" मी "अजून नाही" म्हटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन उगीचच भांडी घासत बसले.

सगळे म्हणायचे, शांत राहा, चांगला विचार कर. ते जमत नाही म्हणून मी स्वतःलाच दोष द्यायचे. मानसशास्त्र शिकलेली मुलगी आणि हिला स्वतःचं मन आवरत नाही! मग केट स्वीनी यांचं काम वाचनात आलं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड शाखेत त्या नेमका हाच विषय अभ्यासतात: निकालाची वाट पाहणारी माणसं. वकिलीची परीक्षा जुलैत देऊन नोव्हेंबरपर्यंत ताटकळलेल्या पदवीधरांना त्यांनी चार महिने पुन्हा पुन्हा प्रश्न विचारले. काळजी कमी व्हावी म्हणून लोक जे उपाय करत होते, त्यांनी काळजी फारशी कमी होत नव्हती. उलट वाट पाहताना जे जास्त तळमळले, त्यांनी वाईट बातमी आली तेव्हा ती जास्त नीट पेलली, आणि चांगली आली तेव्हा त्यांना आनंदही जास्त झाला.

हे वाचून मला रडू आलं, ते सुटल्यासारखं. माझी तळमळ वाया जात नव्हती.

एक गोष्ट मात्र त्यांच्या पुढच्या अभ्यासांत खरंच उपयोगी दिसली: तल्लीन करणारं काम. थोडं अवघड, थोडं आवाक्यातलं, हळूहळू पुढे सरकणारं. टीव्ही पाहून ते साधत नाही.

(दृश्य: कागदावर बोरू चालतोय.)

दुसऱ्या वर्षी मी मोडी लिपीच्या वर्गाला जाऊ लागले. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढून घेतात आणि मग अक्षरं त्या रेघेला लटकवत जातात, हात शक्यतो न उचलता. जुन्या पत्रातली एक ओळ लावायला मला अर्धा तास लागायचा. त्या अर्ध्या तासात पोर्टल आठवायचं नाही. वर्गातल्या कुणालाच माझ्या अर्जांचं काही ठाऊक नव्हतं, हेही औषधच.

दुसरी मदत झाली ती अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची. वयाच्या १९ व्या वर्षी, मुलींशी बोलायची धास्ती घालवायला, ते न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स बोटॅनिकल गार्डनमध्ये बाकावर एकट्या बसलेल्या १३० जणींच्या शेजारी जाऊन बसले. ३० जणी उठून गेल्या. १०० जणींशी ते बोलले. एक भेटायला तयार झाली, ती आली नाही. पण नकाराने आपल्याला काही होत नाही, हे त्यांना स्वतःच्या अंगावर कळलं. पुढे १९५५ मध्ये त्यांनी विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. मराठी वाचकांना ती कि. मो. फडके यांच्यामुळे परिचयाची आहे. एलिस म्हणतात, त्रास इच्छेने होत नाही, हट्टाने होतो. मराठीत तर हा हट्ट एका अक्षरात मावतो. "मला प्रवेश मिळायलाच पाहिजे." त्यातला 'च' मी वहीत लाल पेनाने खोडला. मला प्रवेश मिळायला हवा, फार हवा. नाही मिळाला तर वाईट वाटेल, फार वाटेल. रात्री दोन वाजता हे वाक्य म्हणून झोप येते असं नाही. पण स्वतःच्या जिवावर उठलेला तो आवाज थोडा खाली यायचा.

(दृश्य: बर्फ पडलेलं विद्यापीठाचं आवार.)

पहिल्या वर्षी एकही मुलाखत आली नाही. फेब्रुवारी संपला तेव्हाच मला कळून चुकलं होतं. नकाराच्या मेल मार्चभर येत राहिल्या. दुसऱ्या वर्षी दोन मुलाखती झाल्या आणि एका ठिकाणी प्रतीक्षा यादीत नाव लागलं. विद्यावेतनासह दिलेली जागा घ्यायची की नाही, हे सांगायला विद्यार्थ्यांना १५ एप्रिलपर्यंत वेळ असतो. कुणी सोडली तर पुढच्याला मिळते. माझ्या पुढच्या कुणीतरी १४ तारखेला जागा सोडली. कुणी, ते मला ठाऊक नाही.

मी अमेरिकेत गेले आणि पलीकडची बाजू पाहिली. मुलाखतीला आलेल्यांशी बोलायचं काम आम्हा विद्यार्थ्यांकडेही असतं. २०२५ च्या सुरुवातीला आमच्या लॅबसाठी पाच जणांच्या मुलाखती झाल्या. दोघांच्या नावापुढे मी 'उत्कृष्ट' लिहिलं होतं. एक मुलगी तर इतकी तयारीची होती की तिच्याशी बोलून मीच माझ्या प्रकल्पात एक बदल केला. त्या फेब्रुवारी-मार्चमध्ये सरकारी संशोधन निधीचं काहीच खात्रीचं राहिलं नाही. अनेक अमेरिकी विद्यापीठांनी पीएचडीचे प्रवेश कमी केले, काहींनी थांबवले. आमच्या लॅबच्या प्राध्यापक बाईंनी त्या वर्षी कुणालाच घेतलं नाही. पाचही जणांना ठरावीक मजकुराची मेल गेली. अर्जदारांची संख्या मोठी होती, खेद वाटतो, वगैरे.

त्या मुलीला आपण कुठे कमी पडलो, असंच वाटलं असणार. तिने स्वतःचं स्टेटमेंट पुन्हा उघडून चुका शोधल्या असणार. मीही शोधल्या होत्या, पहिल्या वर्षी, याच टेबलावर. तिला कळवावं असं फार वाटलं, पण ते आमच्या हातात नव्हतं. ते इथे बोलतेय.

(दृश्य: पुन्हा पुण्यातली खोली. रात्र. फोन वाजतो.)

कोल्हापूरची एक मुलगी यंदा अर्ज करतेय. तिचा फोन. "ताई, अजून अंडर रिव्ह्यूच दिसतंय."

"जेवलीस का?"

"नाही अजून."

मग आम्ही बराच वेळ बोललो. पोर्टलबद्दल थोडं आणि कॉलेजमध्ये तिने घेतलेल्या मुलाखतींच्या नोंदींबद्दल जास्त. त्या नोंदी तिला नव्याने लावून बघायच्या आहेत. अकरा वाजून गेले तशी तीच म्हणाली, "ठेवते ताई. उद्या संकष्टी, साबुदाणा भिजत घालायचाय."